१ एप्रिलचा बिल नंबर आणि ऑल्टर सीक्वेन्स

मार्च संपत आला की आमच्याकडे एक फोन ठरलेलाच: "मॅडम, १ तारखेपासून बिल नंबर परत एकपासून सुरू करून द्या." मी पुण्यात डेटाबेस सांभाळायचं काम करते. आमची बरीचशी गिऱ्हाइकं घाऊक व्यापारी आहेत, कुणी औषधांचे, कुणी हार्डवेअरचे. त्यांची मागणी रास्त आहे. जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे बिलाचा नंबर क्रमवार हवा, १६ अक्षरांच्या आत हवा आणि त्या आर्थिक वर्षापुरता एकमेव हवा. म्हणजे नव्या वर्षात पुन्हा १ पासून सुरुवात करायला कुणाची हरकत नाही.

अडचण पुढे येते. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये अनेकदा बिल नंबर म्हणजेच टेबलाची प्रायमरी की (आयडी, म्हणजे ओळीची एकमेव ओळख) असते आणि तो नंबर पोस्टग्रेस या डेटाबेसचा सीक्वेन्स, म्हणजे ओळीने नंबर देणारा मोजक, देत असतो. मग कुणीतरी ३१ मार्चच्या रात्री एक ओळ चालवतो: 'ऑल्टर सीक्वेन्स बिल_आयडी_सीक रीस्टार्ट विथ १', म्हणजे हा सीक्वेन्स पुन्हा १ पासून सुरू कर. कमांड बिनबोभाट चालते. पोस्टग्रेस टेबलात डोकावून बघत नाही, कारण सीक्वेन्स ही टेबलापासून वेगळी वस्तू आहे. 'ओन्ड बाय' लिहून तो कॉलमला बांधलेला असला तरी त्याचा अर्थ एवढाच, की कॉलम काढला तर सीक्वेन्सही जाईल. टेबलात सगळ्यात मोठा आयडी कोणता, हे त्याला कधीच ठाऊक नसतं. सकाळी दुकान उघडतं, पहिलं बिल मारलं जातं आणि 'डुप्लिकेट की' ची एरर येते, कारण १ नंबरचं बिल गेल्या कित्येक वर्षांपासून तिथे बसलेलं आहे. बिलाच्या ओळी, परतीचा माल, येणी, सगळं फॉरेन कीने, म्हणजे दुसऱ्या टेबलातून दिलेल्या दुव्याने, त्याच आयडीला धरून असतं, त्यामुळे जुनी बिलं हलवायचा विचारही करू नये.

म्हणून माझं पहिलं म्हणणं हे की आयडी आणि बिल नंबर हे दोन वेगळे कॉलम हवेत. आयडी वर्षानुवर्षं वाढत राहू दे, तो गिऱ्हाइकाला दाखवायचाच नाही. बिल नंबर वेगळा, वर्षाच्या खुणेसकट.

आता कुणीही विचारेल, की बिल नंबराला दुसरा सीक्वेन्स लावला आणि तो दरवर्षी रीस्टार्ट केला तर? तरी माझं उत्तर नाहीच आहे, आणि यावर मी ठाम आहे. सीक्वेन्स 'प्रत्येकाला वेगळा नंबर' एवढंच वचन देतो, 'मध्ये एकही नंबर सुटणार नाही' असं वचन तो देत नाही. बँकेत टोकन घेऊन माणूस कंटाळून निघून गेला तर ते टोकन मशीनमध्ये परत जात नाही, तसंच नेक्स्टव्हॅलने (सीक्वेन्सकडून पुढचा नंबर घेणाऱ्या फंक्शनने) दिलेला नंबर ट्रान्झॅक्शन रोलबॅक झालं, म्हणजे ते काम अर्ध्यावर रद्द झालं, तरी परत येत नाही. 'ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग' (नोंद आधीच असेल तर काही करू नको) लावलेल्या इन्सर्टमध्ये ओळ गेली नाही तरी नंबर खर्च होतो. सर्व्हर अचानक बंद पडला तर एकदम ३२ पर्यंत नंबर उडू शकतात, कारण वेग राखण्यासाठी पोस्टग्रेस पुढचे ३२ नंबर आधीच लॉगमध्ये नोंदवून ठेवतं. हे मुद्दाम असं केलेलं आहे. शंभर जणांनी एकाच वेळी नंबर मागितले तरी कुणी कुणासाठी थांबू नये म्हणून. पण जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्राच्या तेराव्या तक्त्यात कुठून कुठपर्यंत नंबर वापरले, त्यातले किती रद्द केले, हे भरावं लागतं. न वापरलेला, न रद्द केलेला, नुसताच हरवलेला नंबर अकाउंटंटने तिथे कसा दाखवायचा?

बिल नंबरासाठी मी साधं काउंटर टेबल ठेवते. प्रत्येक वर्षाला आणि प्रत्येक मालिकेला एक ओळ. बिल साठवताना त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये ती ओळ एकने वाढवायची आणि 'रिटर्निंग' लावून नवा नंबर घ्यायचा. बिल रोलबॅक झालं तर वाढही मागे जाते. दुकानातल्या दोन काउंटरवर एकाच क्षणी बिल मारलं तर दुसऱ्याला पहिल्याचं कमिट होईपर्यंत (पक्कं साठवलं जाईपर्यंत) थांबावं लागतं. दिवसाला काही शे बिलं करणाऱ्या दुकानात ही वाट बघणं कुणाला जाणवतही नाही. आणि १ एप्रिलला काही रीस्टार्ट करायचंच नसतं, नव्या वर्षाची ओळ पडते आणि काम सुरू.

मग ऑल्टर सीक्वेन्सची गरज केव्हा लागते? माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त वेळा जुना डेटा नव्या सर्व्हरवर आणताना. सीएसव्हीतून कॉपी करून आयडीसकट ओळी भरल्या, की सीक्वेन्सला त्याचा पत्ताच नसतो. तो १ वरच उभा. इथे त्याला पुढे ढकलायलाच हवं. नवीन मुलं हमखास 'स्टार्ट विथ ५०००१' लिहितात आणि काहीच बदललं नाही म्हणून बुचकळ्यात पडतात. 'स्टार्ट' फक्त सुरुवातीचा आकडा नोंदवून ठेवतो. पुढे कधी नुसतं 'रीस्टार्ट' म्हटलं तर कुठून सुरू करायचं, एवढंच त्यातून ठरतं. चालू किंमत हलते ती 'रीस्टार्ट विथ' नेच.

पण आकडा हाताने टाइप करण्यापेक्षा मला सेटव्हॅल हे सीक्वेन्सची किंमत ठरवणारं फंक्शन आवडतं, कारण त्यात 'मॅक्स' थेट टेबलातून घेता येतो. ऑल्टर सीक्वेन्समध्ये सबक्वेरी (आतली दुसरी क्वेरी) चालत नाही. मी लिहिते ते असं: 'सेटव्हॅल(सीक्वेन्सचं नाव, कोअलेस(मॅक्स(आयडी), ०) + १, फॉल्स)'. तो शेवटचा 'फॉल्स' महत्त्वाचा. त्याचा अर्थ, हा आकडा अजून दिलेला नाही, पुढच्याला हाच दे. आणि नलच्या जागी ० धरणारं कोअलेस नसेल तर रिकाम्या टेबलाचा मॅक्स नल (किंमतच नाही) येतो, नल मिळालं की सेटव्हॅल काहीच करत नाही आणि एररही देत नाही.

दोन्हींत एक फरक मात्र डोक्यात पक्का हवा. सेटव्हॅल रोलबॅक होत नाही, केलं ते केलं. रीस्टार्ट ट्रान्झॅक्शनमध्ये धरला जातो, रोलबॅक केला तर जुनी किंमत परत येते. २०१७ च्या दहाव्या आवृत्तीपूर्वी तसं नव्हतं, त्यामुळे जुन्या लेखांवर विसंबू नका. पण त्या सोयीची किंमत आहे: कमिट होईपर्यंत त्या सीक्वेन्सवरचे सगळे नेक्स्टव्हॅल अडून राहतात. एका खिडकीत 'बिगिन' करून रीस्टार्ट चालवला आणि कमिट न करता चहाला गेलात, तर तुम्ही परत येईपर्यंत नवी नोंद कुणाचीच होणार नाही. उलट सेटव्हॅल कुणाला अडवत नाही, पण सीक्वेन्सला 'कॅश' ५० वगैरे दिलेला असेल, म्हणजे प्रत्येक सेशन (जोडणी) तेवढे नंबर आधीच उचलून ठेवत असेल, तर इतर सेशन आपल्याजवळचे जुने नंबर संपेपर्यंत तेच वाटत राहतात. कनेक्शन पूल, म्हणजे कायम उघड्या ठेवलेल्या जोडण्या, असलेल्या ठिकाणी हे फार वेळ चालू शकतं. म्हणून आधी ॲप्लिकेशन थांबवा, मग सेटव्हॅल करा.

दुसरा प्रसंग कमी वेळा येतो, पण आला की घाम फोडतो: नंबर संपणे. सीरियल, म्हणजे आपोआप नंबर घेणारा, कॉलम इंटिजर असतो आणि तो २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ ला थांबतो. बिलांना एवढं आयुष्य लागत नाही, पण लॉगच्या टेबलांना लागतं. तेव्हा लोक कॉलम बिगइंट (मोठ्या आकड्यांचा प्रकार) करतात आणि सीक्वेन्स विसरतात. दहाव्या आवृत्तीपासून सीरियलचा सीक्वेन्सही इंटिजरच बनतो, म्हणून 'ऑल्टर सीक्वेन्स ... ॲज बिगइंट' वेगळं चालवावं लागतं. कमाल मर्यादा कुणी हाताने बदललेली नसेल तर त्याबरोबर ती आपोआप वाढते. सीक्वेन्सची ही दुरुस्ती क्षणात होते. कॉलमची होत नाही. टेबल पूर्ण कुलूपबंद होऊन नव्याने लिहिलं जातं, इंडेक्स पुन्हा बांधले जातात, आणि त्या आयडीला धरणारे दुसऱ्या टेबलांतले कॉलमही बदलावे लागतात. तेवढा वेळ बंद ठेवणं शक्यच नसेल तर सीक्वेन्सची किमान मर्यादा ऋण करून तो उणे २१४ कोटींपासून रीस्टार्ट करतात. तेवढेच नंबर पुन्हा मिळतात, पण आयडीच्या क्रमाने 'सर्वांत नवी नोंद' काढणाऱ्या सगळ्या क्वेऱ्या त्या क्षणापासून चुकतात, तेव्हा आधी त्या शोधून काढा.

ही वेळ येऊ नये म्हणून 'पीजी_सीक्वेन्सेस' हा व्ह्यू आहे. त्यात प्रत्येक सीक्वेन्सचा 'लास्ट_व्हॅल्यू' आणि 'मॅक्स_व्हॅल्यू' शेजारी शेजारी दिसतात. पहिल्याला दुसऱ्याने भागायचं आणि उतरत्या क्रमाने लावायचं. आमच्याकडे कुठलाही आकडा ६० टक्क्यांच्या वर गेला की मी गिऱ्हाइकाला लेखी कळवते आणि रविवारची रात्र मागून घेते.