साकवावर पाणी आलं की मेंढीकोट

शाळेच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिही असा ग्रुपवर मेसेज आला, तेव्हा बाकीचे सगळे गॅदरिंग, स्पोर्ट्स, दहावीचा रिझल्ट यावर लिहिणार हे माहीतच होतं, मला मात्र पहिली आठवली ती स्टोअररूम आणि तिथले आमचे शिपाईमामा.

आम्ही वहाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडच्या वाडीतली मुलं. सिंधुदुर्गातला पाऊस तुम्हाला सांगायला नको, जुलैमध्ये दुपारी जोराची सर आली की तासाभरात वहाळावरचा साकव, म्हणजे छोटा पूल, पाण्याखाली जायचा, आणि मग पाणी उतरेपर्यंत आम्हाला शाळा सोडायची नाही असा हेडसरांचा नियम होता. शाळा सुटलेली, वर्ग बंद, लाईट गेलेली. मामा चुलीवर चहा ठेवायचे आणि ट्रंकेतून मेंढीकोट खेळायला पत्ते काढायचे. 1987 सालची गोष्ट, मी आठवीत होतो. आमचे गणिताचे सर शाळेतच एका खोलीत राहायचे, ते यायचे, माझा बाकावरचा मित्र असायचा, झाले चार. हेडसरांना माहीत होतं, त्यांची अट एकच, पैशाचं नाव काढायचं नाही.

मित्र आणि सर भिडू, मी आणि मामा भिडू, समोरासमोर बसायचं. घरी मी फक्त बदाम सात आणि झब्बू खेळलेलो, त्यात आपण एकटेच. मेंढीकोटात प्रत्येकी 13 पानं, चौघांनी एकेक पान टाकलं की एक हात, असे एकूण 13 हात, पण खरा जीव चार दश्श्यांत, त्याच मेंढ्या. ज्यांच्याकडे तीन त्यांचा डाव, चारही आल्या तर कोट, दोन-दोन झाल्या तर ज्यांचे हात जास्त ते जिंकले, आणि तेरापैकी तेरा हात घेतले तर बावन्नी कोट, तो मी शाळेत असेपर्यंत एकदाच बघितला. आम्ही कट हुकूम खेळायचो, म्हणजे उतारीचा (हातात पहिल्या टाकलेल्या पानाचा) रंग ज्याच्याकडे पहिल्यांदा नसेल त्याने जे पान टाकलं तो रंग हुकूम, बाकी सगळ्या रंगांवर भारी. त्यामुळे पहिले तीन-चार हात अक्षरशः श्वास रोखून बसायचो, कोणाचा कुठला रंग संपतोय कळायचं नाही.

पानं लक्षात राहत नाहीत म्हणून मी रडकुंडीला आलो तेव्हा मामा म्हणाले, "52 पानांक घाबरतंस? आपल्या सावंतवाडीच्या गंजिफेक 120 पानां आसत!" मला ते खोटं वाटलं. पुढे सावंतवाडीच्या राजवाड्यात त्या गोल पत्त्यांच्या दशावतारी गंजिफा बघितल्या, दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येकात 12 पानं, तेव्हा मामांची फार आठवण आली.

एक डाव अजून जसाच्या तसा डोळ्यासमोर आहे. हुकूम इस्पिक. मामांनी बदामचा राजा उतरला, एक्का आधीच गेलेला, सरांना नाइलाजाने बदामची दश्शी टाकावी लागली. मेंढी आमच्या घरात चालत आली होती. माझ्याकडे बदाम नव्हतं आणि मेंढी बघून मला राहवेना, मी शेवटची इस्पिकची तिर्री मारली! मामा काही बोलले नाहीत, फक्त माझ्याकडे बघितलं. दोन हातांनंतर मित्राने चौकटची दश्शी उतरली, वरची चारही पानं गेलेली, तीच मोठी, मामांनी पंजी टाकली, सरांनी दुर्री, शेवटचा मी, चौकट नाही आणि हुकूमही नाही. मेंढ्या दोन-दोन, हात त्यांचे 7 आमचे 6.

मामा पानं गोळा करता करता एवढंच म्हणाले, "अरे, तो हात आपलोच होतो मां." आपलोच! मी तोपर्यंत माझ्या 13 पानांकडेच बघत होतो, समोर माझी आणखी 13 पानं आहेत हे डोक्यातच नव्हतं. भिडूशी बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत (सर याबाबतीत फार कडक), मग त्याने आधी काय टाकलं, मोठं पान का दाबून ठेवलं, नको असलेलं पान कुठल्या रंगाचं टाकलं, यावरूनच त्याचं मन ओळखायचं. हे मला मामांनी शिकवलं, आणि मला वाटतं शाळेत मी इतकं लक्ष देऊन दुसऱ्या माणसाकडे पहिल्यांदा बघितलं ते तेव्हा.

2018 ला जकार्ताच्या एशियन गेम्समध्ये ब्रिज, म्हणजे असाच भिडूंनी खेळायचा पत्त्यांचा खेळ, पहिल्यांदाच होता आणि प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार या जोडीने भारताला गोल्ड मिळवून दिलं, तो फोटो मी कितीतरी वेळ बघत बसलो होतो. मामा तेव्हा नव्हते. असते तर त्यांना वाचून दाखवलं असतं.

पाणी उतरलं की मामा बॅटरी घेऊन साकवापर्यंत सोडायला यायचे. एकेकाला हात धरून पुढे पाठवायचे, मला नेहमी शेवटी. मी पलीकडे पोचलो की अलीकडून ओरडायचे, "किलवरची राणी कोणी टाकल्यान?" वहाळाचा आवाज एवढा की पहिल्यांदा ऐकूच यायचं नाही. मग मी पावसात उभा राहून, डाव आठवून, पूर्ण ताकदीने ओरडायचो, "सरांनी! चौथ्या हाताला!" आणि उत्तर बरोबर असलं की बॅटरी दोनदा लागायची.