आमची वाटचाल : चुनखडीच्या गोणीपासून साखळीत गुंफल्या जाणाऱ्या मातीपर्यंत

जळगावच्या एमआयडीसीत पाइपवाल्यांना आणि चटईवाल्यांना कच्चा माल पुरवणारे पुष्कळ आहेत, आम्ही त्यातलेच. कोटेड कॅल्शियम विकायचो, म्हणजे स्टिअरिक आम्लाचा हात फिरवलेली चुनखडीची भुकटी. पीव्हीसीत ती घातली की पाइप स्वस्त पडतो. गिऱ्हाईक किलोमागे रुपयासाठी शेजारच्या दारात जायचं. त्याला दोष कसा देणार? शेजारच्या भुकटीत आणि आमच्यात फरकच नव्हता.

धाकटा भाऊ विद्यापीठाच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत शिकून आला आणि त्यानं पाण्यानं फुगणाऱ्या चिकणमातीचा विषय काढला. अमळनेरचे मामा म्हणाले, "आते माती इकस का रे भाऊ?" खरं तर आमच्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात त्या याच जातीच्या मातीमुळे. तिचे थर पाणी पिऊन फुगतात आणि सुकले की आकसतात. पण शेतातली माती लोह आणि इतर खनिजांनी मिसळलेली असते, म्हणून आम्ही कच्छचा बेंटोनाइट, म्हणजे खाणीतली फुगणारी चिकणमाती, आणतो. त्यातलं काम करणारं खनिज मॉन्टमोरिलोनाइट.

या खनिजाचा एकेक थर जेमतेम १ नॅनोमीटर जाड. थरांवर ऋणभार असतो आणि मधल्या फटीत सोडियम बसलेलं असतं. ते काढून तिथं लांब शेपटीचं, म्हणजे कार्बनची लांब साखळी जोडलेलं, अमोनियम मीठ बसवलं की मातीचं पाण्याशी जमेनासं होतं आणि तेला-रेझिनशी जमतं. टोयोटाच्या संशोधकांनी १९८० च्या दशकात नायलॉनमध्ये ५ टक्क्यांच्या आत अशी माती घालून ताकद वाढवून दाखवली, तेव्हापासून जगभर हे सुरू आहे. सुरुवातीला आम्हीही शाईवाल्यांना दाटपणासाठी अशीच साधी शेपटीवाली माती द्यायचो, तिला धंद्यात सेंद्रिय माती म्हणतात.

यूव्ही वार्निश आणि थ्रीडी प्रिंटिंगचं रेझिन, म्हणजे अतिनील प्रकाशात घट्ट होणारे द्रव, यांत मात्र ती कमी पडली. द्रव असताना छान पसरलेली दिसायची. दिवा लागला, त्या द्रवातलं अ‍ॅक्रिलेट हे रसायन साखळीत जुळू लागलं, की थर पुन्हा एकमेकांजवळ सरकायचे. शेपटी साखळीशी बांधलेलीच नाही म्हटल्यावर ती उलट मऊपणा आणते. भावानं वाचून काढलं की आयोवा विद्यापीठात अ‍ॅलन गायमन यांच्या गटानं शेपटीलाच प्रकाशात जुळणारा गट लावून पाहिला आहे. मग आम्हीही तोच रस्ता धरला. शेपटीच्या मिठात मेथॅक्रिलेट, म्हणजे अ‍ॅक्रिलेटसारखाच प्रकाशात जुळणारा गट, असलं की प्रकाश पडताच माती स्वतः जाळ्याचा भाग होते आणि थरांना माघारी फिरायला जागा उरत नाही.

कागदावर हे सोपं दिसतं. मेथॅक्रिलेटवाल्या अमाइनवर (अमोनियासारख्या नायट्रोजनच्या रसायनावर) १६ कार्बनची शेपटी चढवून मीठ बनतं. १०० ग्रॅम मातीची अदलाबदलीची क्षमता, म्हणजे सोडियमच्या जागी किती मीठ बसेल त्याचं माप, ९० मिलिइक्विव्हॅलंट धरली, तर त्याला सुमारे ४० ग्रॅम मीठ लागतं. भाव का चढा, असं विचारणाऱ्याला हाच हिशेब दाखवतो. नंतर धुणं. मिठासोबत आलेलं ब्रोमाइड उरलं आहे का ते पाहायला धुतलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकायचे. फिकट साका बसणं थांबेपर्यंत धुवायचं. पाण्याची ददात असलेल्या गावात हे फार खुपतं. तेच पाणी पुढच्या मालाच्या पहिल्या धुण्याला फिरवून वापरतो.

वाळवणं ही दुसरी कटकट. खान्देशात ऊन फुकट, पण आम्हाला ते वर्ज्य. उष्णता आणि अतिनील किरण दोन्ही त्या मेथॅक्रिलेट गटाचे वैरी. कमी तापमानाला व्हॅक्यूममध्ये वाळवतो, खोलीत पिवळे दिवे. मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो तेव्हा अ‍ॅक्रिलेटचे ड्रम एसीच्या खोलीत जातात. ते काठोकाठ भरायचे नाहीत आणि वर नायट्रोजनही सोडायचा नाही, कारण त्यातला अवरोधक, म्हणजे माल आपोआप जुळून घट्ट होऊ न देणारं रसायन, हवेतल्या ऑक्सिजनशिवाय काम करत नाही. नवीन पोरगा आला की पहिल्यांदा हेच शिकवतो.

गिऱ्हाइकांना एक्स-रेचा आलेख हवा असतो, त्यातल्या शिखरावरून थरांमधलं अंतर कळतं. मूळ मातीत थरांचं अंतर १.२ नॅनोमीटरच्या आसपास, अदलाबदलीनंतर ते वाढून २ च्या घरात जातं. रेझिनमध्ये ते शिखर गायब झालं की काहीजण 'सगळे थर सुटले' असं छापून मोकळे होतात. आम्ही तसं लिहीत नाही. माती कमी असली किंवा थर वेडेवाकडे झाले तरी शिखर नाहीसं होतं; इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय बोलू नये.

मात्राही आम्हीच कमी सांगतो, २ ते ३ टक्के. जास्त घातली की रेझिन घट्ट होतं, बुडबुडे अडकतात, आणि न फुटलेल्या गाठी प्रकाश विखुरतात, मग तळाचा थर कच्चा राहतो. विक्री कमी होते हे खरं, पण पुण्याचा थ्रीडी रेझिनवाला दुसऱ्यांदा फोन करतो तो यामुळेच. पातळ वार्निशवाल्यांना हवेतल्या ऑक्सिजनचा जाच असतो, वरचा पापुद्रा चिकट राहतो. त्यांच्यासाठी शेपटीला थायॉल, म्हणजे उग्र वासाचा गंधकाचा गट, लावलेली माती करून बघतोय. वासाची तक्रार शेजारच्या चटईवाल्यानं आधीच केली आहे, म्हणून धुराड्याचं काम आधी उरकायचं आहे.