दुपारी उमटणारी नावं

रविवार

बागेसारख्या जुन्या दफनभूमीत सकाळच्या कोवळ्या उन्हात फिरावं, हे फिरण्यापुरतं ठीक. शिळांवरचे लेख वाचायचे असतील तर ती वेळ चुकीची. पूर्वेकडे तोंड असलेल्या शिळेवर सकाळी ऊन समोरून पडतं, अक्षरांच्या खाचेत सावलीच राहत नाही. बाराच्या सुमारास तेच ऊन दगडाला घासून जातं आणि कोऱ्या वाटणाऱ्या शिळेवर नाव उमटतं. शिळा सावलीत असेल तर हातभर आरसा न्यावा. त्याचा कवडसा बाजूने, दगडाला जवळजवळ समांतर पाडायचा. एकाने आरसा धरायचा, दुसऱ्याने वाचायचं.

दगडागणिक झीज वेगळी. संगमरवर पावसातल्या आम्लाने विरघळतो, बोट फिरवलं की साखरेसारखी कणी हाताला लागते. वाळूच्या खडकाचे थर उभे लावले असतील तर अख्खा पापुद्रा लेखासकट सुटून पडतो. ग्रॅनाइट टिकतो. शिशाची अक्षरं गळून गेलेली असली तरी ती ठोकून बसवायला पाडलेली भोकं उरतात. ठिपके जोडत गेलं की नाव लागतं.

घासायचं मात्र नाही. तारेचा ब्रश, ब्लीच, अक्षरं उठावीत म्हणून फासलेला दाढीचा फेस, सगळं दगडाला बाधतं. दगडफूल खरवडलं तर खालचा कणही निघतो. टेकूनही उभं राहू नये: मीटरभर उंच, ६० सेंटिमीटर रुंद, १० सेंटिमीटर जाड शिळा दीडशे किलोच्या वर भरते, आणि तिला तोलणारी लोखंडी खुंटी आत गंजून फुगलेली असते. बाहेर दिसते ती फक्त बुडाशी तांबूस चीर.

वाटा नागमोडी, म्हणून आधी कार्यालयातून नकाशा आणि विभागाचा क्रमांक घ्यावा. नुसत्या नावावर शोधणं म्हणजे पायपीट. ही वळणं मुद्दाम आखलेली. शहरातल्या दफनभूमी भरून वाहू लागल्यावर पॅरिसमध्ये १८०४ साली पेर लाशेज ही बागेसारखी दफनभूमी सुरू झाली, बोस्टनजवळ १८३१ साली माउंट ऑबर्न. अमेरिकेत तेव्हा सार्वजनिक उद्यानं जवळपास नव्हतीच, त्यामुळे लोक इथेच फिरायला येत.

तुटका खांब दिसला की पडझड समजू नये. तो तसाच घडवलेला असतो, अर्ध्यात संपलेल्या आयुष्याची खूण म्हणून. टोक नीट तासलेलं आहे का, तेवढं पाहावं.