तो निळा भिंतीवर आलाच नाही

सोफ्याच्या मागची भिंत दोन वर्षं मोकळी होती आणि तिथे विकतचं काही लावायचं नाही असं मीच ठरवलेलं, म्हणजे ते ऑनलाइन मिळतात ना सोनेरी पानांचे नि सात घोड्यांचे कॅनव्हास, ते नकोच. रात्री जेवणं आटोपली की टॅबवर प्रोक्रिएट नावाच्या चित्रांच्या अ‍ॅपमध्ये रंग फासत बसायची सवय आहे, त्यातलंच एक अ‍ॅबस्ट्रॅक्ट निवडलं. काळ्यातून फुटणारा भन्नाट निळा, आणि उजव्या कडेला एक छोटा पिवळा ठिपका. अख्खं चित्र त्या ठिपक्यावर तोललंय असं आपलं माझं मत.

प्रिंटवाल्याला फाइल व्हॉट्सॅपवर पाठवली. तो म्हणाला, मॅडम, हे मोबाइलपुरतं ठीक आहे, ओरिजिनल मेल करा. आता तीन फूट बाय दोन फूट, म्हणजे ३६ बाय २४ इंच, १५० डीपीआयने (इंचाला १५० पिक्सेल) धरलं तरी ५४०० बाय ३६०० पिक्सेल लागतात आणि माझी ओरिजिनल त्याच्या निम्मीच निघाली. अ‍ॅबस्ट्रॅक्ट आहे, कोणाला कळतंय, म्हणून ताणून मोठी केली आणि दिली. ते खपलंही बरं का, मऊ रंगांत काही कळत नाही, बारीक रेषा असत्या तर पितळ उघडं पडलं असतं.

दगा दिला तो निळ्याने. घरी आणून कागद सोडला तर माझा निळा म्हणजे धुऊन धुऊन विटलेली शाळेची पँट! फोन केला तर, 'हा निळा कुठल्याच मशीनवर यायचा नाही मॅडम.' बरोबरच आहे म्हणा, स्क्रीन आतून उजेड फेकते, कॅनव्हासला खोलीतला उजेड परत द्यायचा असतो, त्यात असला विजेसारखा निळा शाईत बसतच नाही. पण हे आधी सांगायला काय झालं होतं?

आणखी एक. टॅबवर मी जाड रंगाचे फटकारे मारले होते, अगदी सुरीने थापल्यासारखे. कॅनव्हासवर बोट फिरवलं तर सगळं सपाट, फक्त कापडाची वीण लागते. गायतोंडे (आपले नागपुरात जन्मलेले चित्रकार वासुदेव गायतोंडे) रोलर नि सुरीने थरावर थर चढवायचे, तो थर प्रिंटमध्ये कुठून येणार! खिडकीतून तिरपा उजेड आला की हे फारच जाणवतं.

आणि ठिपका. फ्रेमची लाकडी पट्टी दीड इंच जाड, कॅनव्हास तिच्यावरून मागे दुमडून स्टेपल करतात, त्यासाठी चारी बाजूंनी जादा चित्र सोडायचं असतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. ठिपका गेला बाजूच्या पट्टीवर. समोरून नुसती पिवळी कड, बाकीचा ठिपका किचनच्या दारातून.

दुसऱ्यांदा मात्र शहाणी झाले. फाइल नव्याने ६००० बाय ४२०० ची केली, म्हणजे चारी बाजूंना दोन-दोन इंच जादा. निळा आधीच थोडा उतरवला, काळ्यात जरा उजेड भरला आणि आधी वीतभर तुकड्याची टेस्ट प्रिंट काढून ती भिंतीला चिकटवून रात्री ट्यूबलाइटमध्ये पण बघितली. पावसाळ्यात कॅनव्हास सैल पडतो म्हणून फ्रेमच्या कोपऱ्यात लाकडी पाचरी मागितल्या, ढिला झाला की हलकेच ठोकायच्या. (पाचर मारणं चांगल्या कामाचं असतं हे प्रथमच कळलं.) मागे चार कोपऱ्यांना बुचाचे तुकडे, हवा खेळायला, कारण भिंत बाहेरच्या बाजूची, ओल धरते.

मग नवा टांगला. ठिपका जागच्या जागी, निळा बऱ्यापैकी निळा, मी खूश. आई रोजच्यासारखी किचनच्या दारातल्या खुर्चीत लसूण सोलत बसली होती, मान वर करून म्हणाली, "अगं, तो पिवळा ठिपका होता ना इथे, तो का काढलास?"