पंगतीत एकमेकांसाठी थांबा

करिंथ या ग्रीक शहरातल्या मंडळीत, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समाजात, एक भांडण जेवणावरून होतं. प्रेषित पौलाचं करिंथकरांना पहिलं पत्र इ.स. 55 च्या सुमाराचं. त्या काळी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी, भरपेट जेवणासोबतच व्हायचं. अकराव्या अध्यायात तो लिहितो की कोणी उपाशी राहतो, तर कोणाला दारू चढलेली असते. रविवार तेव्हा सुट्टीचा वार नव्हता. बऱ्याच अभ्यासकांच्या मते सवड असलेले सधन लोक आधी येऊन जेवत, आणि गुलाम, मजूर काम उरकून येईपर्यंत भांडी रिकामी झालेली असत. पौलाने त्यावर सांगितलेला उपाय स्वयंपाकघरातल्या बाईला लगेच पटेल असा आहे: जेवायला जमाल तेव्हा एकमेकांची वाट पाहा.

आपल्या प्रीतिभोजनांत, म्हणजे मंडळीच्या एकत्र जेवणांत, आजही नेमकं हेच बिघडतं. कोणाच्या मनात वाईट नसतं, पण अंदाज उपासनेतल्या हजेरीवरून बांधला जातो. शंभर माणसांना साधारण 10 किलो तांदूळ, 3 किलो तूरडाळ आणि हाडांसकट 15 किलो चिकन पुरतं. पण पहिल्या पंगतीत आग्रह सुरू झाला की हे गणित कोसळतं. रात्रपाळी करून झोपलेला वॉचमन, चार घरची धुणीभांडी आटोपून येणारी भगिनी दोन वाजता पोहोचते, तेव्हा टोपात रस्सा असतो आणि फोडी संपलेल्या असतात. ती काही बोलत नाही. पुढच्या वर्षी मात्र येत नाही, आणि आपण म्हणतो, तिची आवड कमी झाली.

म्हणून पहिलं ताट वाढण्याआधीच एकपंचमांश जेवण वेगळ्या टोपात काढून झाकून ठेवावं, फोडी मोजून. हा टोप मंद आचेवर राहू द्या. शिजलेलं चिकन आणि भात दोन तासांहून जास्त वेळ नुसते बाहेर ठेवू नयेत. सगळे एकदा बसून होईपर्यंत चिकनचा दुसरा वाढा नाही, आणि हे पाळकसाहेबांनी जेवणाच्या प्रार्थनेआधीच सांगावं, म्हणजे वाढणाऱ्या पोरांना कोणाला नाही म्हणावं लागत नाही. पंच कमिटीने, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्यांनी, वाढावं आणि शेवटच्या पंगतीला बसावं. अंथरुणाला खिळलेल्यांचे डबेही सुरुवातीलाच भरायचे. ‘उरलं तर पाठवू’ या वाक्यात निःस्वार्थीपणा नाही. त्यात फक्त उरलेलं आहे.

वर्षभराच्या मदतीसाठी मिझोरामच्या मंडळ्यांची रीत शिकण्यासारखी आहे. तिथे 1910 पासून प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी घरातली बाई मूठभर तांदूळ देवासाठी बाजूला काढते, आणि मंडळीतल्या स्त्रिया ते गोळा करतात. हिशेब करून पाहा: एक मूठ म्हणजे अंदाजे 40 ग्रॅम. दोन वेळचे मिळून महिन्याला जवळजवळ अडीच किलो होतात. चाळीस घरांचे झाले एक क्विंटल.

आपल्याकडे ही रीत सुरू करायची तर दोन अडचणी ठरलेल्या. पहिली, किडे. पावसाळ्यात महिनाभर डब्यात साठवलेल्या तांदळात टोके होतात, म्हणून दर रविवारी गोळा करा आणि पंधरा दिवसांत वाटून टाका. दुसरी अडचण लक्षात येत नाही. कोलम, आंबेमोहोर, रेशनचा जाडा, नवा आणि जुना असे सगळे एका पोत्यात ओतले की भात कधीच नीट होत नाही. नव्या तांदळाचा गिचका होतो तोवर जुना टचटचीत असतो. असं पोतं गरजू घरी देणं म्हणजे त्यांना रोज आठवण करून देणं की हे दानाचं आहे. जाड, बारीक आणि जुना तांदूळ वेगवेगळ्या डब्यांत घ्या. मिसळलाच तर दळून आणा आणि पीठ द्या, भाकरीला चालतं. ज्वारीच्या गावात ज्वारीच गोळा करा.

वाटप कोणाच्या हाती द्यायचं, याचं उत्तर बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात आहे. यरुशलेमेत रोजच्या वाटणीत ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवा वगळल्या जातात, अशी कुरकुर झाली. त्यावर सात जण निवडले गेले: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव. सातही नावं ग्रीक आहेत. म्हणजे तक्रार ज्यांची होती, बहुधा त्यांच्याच लोकांकडे पळी गेली. आपल्या मदत कमिटीतही भाड्याच्या खोलीत राहणारं, मदत घेतलेलं कोणीतरी हवंच. पैसे एका घरातल्या दोघांनी मोजू नयेत. आणि मदत घेणाऱ्यांची नावं उपासनेत वाचू नयेत, कृपा करून.

एकीची किंमत मोठ्या पातळीवर काय असते, हे नागपूरला दिसलं. 29 नोव्हेंबर 1970 रोजी तिथे सहा वेगवेगळ्या चर्च-संघटना एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. त्यांत बाळांना बाप्तिस्मा देणारे होते, तसे जाणतेपणी विश्वास कबूल केल्यावरच देणारेही होते. कोणाचीच रीत मोडली नाही. दोन्ही मान्य झाल्या. ज्या पाळकाच्या विवेकाला बाळाचा बाप्तिस्मा पटत नाही, त्याने दुसऱ्या पाळकाला बोलवावं, पण त्या कुटुंबाला परत पाठवू नये, अशी सोय केली गेली. मला हा नियम फार मोलाचा वाटतो.

रोजच्या भांडणांना मत्तयाच्या अठराव्या अध्यायातला क्रम पुरतो: आधी एकट्याने जाऊन बोलायचं, मग एकदोघांना सोबत घ्यायचं, आणि त्यानंतरच मंडळीपुढे न्यायचं. आपल्याकडे पहिली पायरीच गाळली जाते आणि गोष्ट थेट व्हॉट्सॲप ग्रुपवर पडते. दोघांमधलं दुखणं साठ जणांच्या मोबाइलवर गेलं की माघार घेणं म्हणजे सगळ्यांसमोर हार मानणं होतं, आणि मग कोणीच माघार घेत नाही.

फिलिप्पैच्या मंडळीतही युवदीया आणि सुंतुखे या दोघींचं बिनसलं होतं. पौल दोघींना वेगवेगळी विनंती करतो, ‘विनंती करतो’ हे शब्द दोनदा लिहून. चूक कोणाची, ते तो सांगत नाही. दोघींनी सुवार्तेच्या कामात आपल्याबरोबर कष्ट केलेत एवढं आठवून देतो, आणि तिथल्याच एका सोबत्याला म्हणतो की या दोघींना मदत कर.