भिजायचं नाही : ठाणे-ऐरोलीच्या मुलांसोबत बर्फातला केदारकंठा

ठाण्या-नवी मुंबईच्या मुलांना डोंगर ओळखीचा असतो तो पावसातला. येऊरच्या ओढ्यात बसायचं, माहुलीच्या वाटेवर चिंब व्हायचं आणि आसनगावहून ओल्या कपड्यांतच लोकल पकडायची. डिसेंबर-जानेवारीत उत्तराखंडातल्या केदारकंठ्याला नेताना हीच सवय सगळ्यात आधी मोडावी लागते. दहा ते पंधरा वर्षांची मुलं चढ चढतात, मोठ्यांपेक्षा पटापट चढतात. गडबड होते ती मुक्कामाला पोचल्यावर, ओले मोजे घालून बर्फात खेळताना. अंगाच्या आकारमानाच्या मानाने मुलांची त्वचा जास्त, त्यामुळे ती मोठ्यांपेक्षा लवकर गार पडतात. खेळात असल्यामुळे ते त्यांना कळतही नाही.

केदारकंठा शिखर साधारण ३,८०० मीटर, उत्तरकाशी जिल्ह्यात, गोविंद पशु विहार राष्ट्रीय उद्यानात. पायथ्याचं गाव सांकरी, सुमारे १,९५० मीटर. तिथून जुडा का तालाब २,७७० आणि त्यावरचा बेस कॅम्प ३,४३०. हे आकडे आधी नीट पाहा, कारण बहुतेकांचा कार्यक्रम इथेच चुकतो. साधारण २,५०० ते ३,००० मीटरच्या वर एका रात्रीत झोपायची उंची ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा नियम आहे. तलावाहून बेस कॅम्पला गेलं की ती ६६० मीटरने वाढते. मुलं बरोबर असतील तर तलावाजवळ एक रात्र जास्त काढा. आयोजक ‘गरज नाही’ म्हणाले तरी काढा. समुद्रसपाटीवरच्या ठाण्यातून निघालेल्या मुलाला शिखरावर हवेचा दाब साधारण ६३ टक्केच मिळतो.

तयारी घरीच सुरू होते. जिने आणि येऊरची चढण ठीक, पण ठाण्यात थंडीचा सराव करता येत नाही, हातमोज्यांचा येतो. आठवडाभर रोज हातमोजे घालून चेन उघडणं, बुटाची नाडी बांधणं, बाटलीचं झाकण फिरवणं करून घ्या. वर मुलं नेमकी या कामांसाठी मोजे काढतात आणि बोटं गारठवून बसतात. जॅकेट वॉटरप्रूफ आहे का, ते दुकानदाराला विचारू नका. मुलाला ते घालून बाथरूममध्ये दहा मिनिटं शॉवरखाली उभं करा. खांद्याची शिवण बहुधा तिथेच फितूर होते. मागच्या पावसाळ्याचे बूट आता लहान होत असतील. जाड मोज्यांसकट पायाची बोटं आत हलली पाहिजेत, कारण घट्ट बुटात रक्त खेळत नाही आणि मग दोन मोजे घालूनही पाय गारच राहतो. सांकरीत बूट, गेटर (बुटात बर्फ शिरू नये म्हणून पोटरीवर चढवायचं आवरण), मायक्रोस्पाइक्स (बुटाखाली चढवायचे धातूचे दात) भाड्याने मिळतात, पण लहान मापं मिळतीलच असं धरून चालू नका.

कपडे थरांत हवेत. अंगालगत सिंथेटिक किंवा लोकरी थर्मल, त्यावर फ्लीस, थांबल्यावर घालायला जाड जॅकेट, सगळ्यांवर वाऱ्या-पाण्याचा थर. जीन्स आणि सुती बनियन घरी ठेवा. सुती कापड घाम पितं आणि सोडत नाही. हातमोज्यांच्या दोन जोड्या, चालायचे मोजे तीन, झोपायचा लोकरी मोजा एक, आणि तो फक्त झोपायचा. सॅकचं वजन मुलाच्या वजनाच्या १० ते १५ टक्के, म्हणजे ३५ किलोच्या मुलाला चार-साडेचार किलो.

डेहराडून ते सांकरी सुमारे २०० किलोमीटर, लागतात आठ ते दहा तास. मसुरीनंतर नैनबाग, पुरोला, मोरी, नेटवाड असा सगळा वळणांचा रस्ता. गाडी लागणाऱ्या मुलांना पुढे बसवा, सकाळी तेलकट पराठा देऊ नका. रोकड पुरोल्यातच काढून ठेवा. नेटवाडला रूपिन आणि सूपिन मिळून टोन्स होते. उद्यानाची नोंदही तिथेच, त्यामुळे मुलांची ओळखपत्रं हाताशी असू द्या.

चालताना एकच गोष्ट सतत पाहायची : घाम. निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे. दहा मिनिटांनी सगळ्यांना थांबवून एक थर काढायला लावा, आणि विश्रांतीला बसण्याआधी, बसल्यावर नव्हे, पुन्हा घालायला लावा. दर अर्ध्या तासाला पाण्याचे चार घोट आणि काहीतरी तोंडात. शेंगदाण्याची चिक्की, खजूर, राजगिऱ्याचे लाडू उत्तम. चॉकलेट बार थंडीत दगड होतो. रात्री तंबूबाहेर जावं लागू नये म्हणून मुलं मुद्दाम पाणी पीत नाहीत, मग सकाळी डोकं दुखतं. तेव्हा मोठ्यांनाही हे उंचीमुळे की पाण्याअभावी ते कळत नाही. रात्री बाटली उलटी ठेवा. पाणी वरून गोठतं, त्यामुळे सकाळी झाकण मोकळं राहतं. बर्फ खाऊ देऊ नका, तो वितळवायला शरीराची ऊब जाते. भांड्यात वितळवायचा असेल तर तळाला आधी कपभर पाणी घाला, नाहीतर भांडं करपतं. ताजा, भुसभुशीत बर्फ असेल तर दहा लिटरचं भांडं भरूनही जेमतेम लिटरभर पाणी निघतं. स्टोव्ह मात्र तंबूत कधीही पेटवायचा नाही. त्यातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

जुडा का तालाबचा जास्तीचा दिवस हा या सहलीतला सगळ्यात चांगला दिवस ठरतो. तलाव गोठलेला असतो आणि मुलांना त्यावर उतरायचंच असतं. साधारण मापाने स्वच्छ, घट्ट बर्फ किमान १० सेंटिमीटर जाड लागतो, पण तो सगळीकडे सारखा नसतो. त्यामुळे उतरायचं नाही, विषय संपला. त्याऐवजी निवारा बांधायला घ्या. फावड्याने बर्फाचा तीन मीटर रुंद, दीड-दोन मीटर उंच ढीग करायचा, थोपटायचा आणि किमान तासभर हात लावायचा नाही. तेवढ्यात बर्फाचे कण एकमेकांना धरतात. ही वाट न पाहिल्यानेच बहुतेक ढीग कोसळतात. मग ३० सेंटिमीटरच्या काटक्या सगळीकडून खुपसायच्या आणि आतून पोखरत जायचं. काटकीचं टोक दिसलं की थांबायचं. दार खाली आणि लहान, बसायचा ओटा दारापेक्षा उंच, छताला मुठीएवढं भोक. पोखरण्याचं काम मोठ्या माणसानेच करायचं, आणि बाहेर एकजण फावडं घेऊन कायम उभा हवा. पोखरणारा भिजतोच, म्हणून त्याने फ्लीस काढून रेनकोट घालावा. मुलांनी आत बसून बघावं. बाहेरचा वारा आत येत नाही, बर्फाच्या कणांत अडकलेली हवा ऊब धरते, आणि बाहेर उणे पंधरा असलं तरी आत पारा शून्याच्या आसपास राहतो. शाळेत ‘हवा उष्णतेची दुर्वाहक’ पाठ केलेलं असतं, ते इथे अंगाला कळतं.

त्याच दिवशी हरवण्याचा सराव घ्या. वाट चुकली असं वाटताच थांबायचं, सॅकवर बसायचं, बर्फावर नाही. तीन शिट्ट्या, थोडं थांबून पुन्हा तीन. शिट्टी प्लास्टिकची आणि गळ्यात; धातूची ओठांना चिकटते, आणि आत गोळी असलेली थुंकीने गोठते. देवदाराच्या पसरलेल्या फांद्यांखाली शिरायचं नाही, तिथे बर्फ पोकळ असतो आणि पाय कमरेपर्यंत जातो.

मुलांच्या जोड्या लावा. जोडीदार बडबडायचा थांबला, जेवत नाही, अडखळतोय, उगाच चिडतोय, तर ते लगेच दादा-ताईला सांगायचं; ही चुगली नव्हे. डोकेदुखीबरोबर उलटी झाली तर त्या मुलाने आणखी वर जायचं नाही. बरं वाटेना, तर लगेच खाली. तोल जाणं, असंबद्ध बोलणं, बसल्या जागी धाप लागणं दिसलं तर रात्र असली तरी उतरा. डायमॉक्सची (उंचीच्या त्रासावरच्या गोळीची) मात्रा मुलाच्या वजनावर ठरते; ती ठाण्यातच बालरोगतज्ज्ञांकडून लिहून घ्या. बोटं पांढरी, बधिर झाली तर चोळू नका, काखेत धरा.

शिखराच्या दिवशी पहाटे निघताना उणे दहा असेल आणि धारेवर ताशी ३० किलोमीटर वारा, तर अंगाला ते उणे वीससारखं लागतं. परतायची वेळ आदल्या रात्रीच ठरवा, मुलांसाठी साडेनऊ ठीक. शिखर २० मिनिटांवर दिसत असलं तरी वळा. दुपारी बर्फ मऊ होतो आणि उतार घसरडा होतो. जून २०२४ मध्ये याच जिल्ह्यात सहस्रतालच्या वाटेवर बर्फवादळात सापडून नऊ ट्रेकर गेले, आणि ती सगळी मोठी माणसं होती. गॉगल सूर्य उगवताच चढवा, ढग असले तरी. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी सुमारे ८० टक्के परत फेकतो, म्हणून सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकपुड्यांनाही लावा. उतरताना मुलांना घसरगुंडी हवी असते. द्यायला हरकत नाही, पण आधी मायक्रोस्पाइक्स काढा. दात बर्फात अडकतात आणि घोटा पिरगळतो.

परतीचं रेल्वे आरक्षण सांकरीहून उतरल्याच्या लगेच दुसऱ्या दिवसाचं करू नका. बर्फ पडला की रस्ता बंद होतो. डेहराडूनमध्ये एक मोकळा दिवस ठेवा. घरी आल्यावर स्लीपिंग बॅग आणि डाउन जॅकेट दोन दिवस पंख्याखाली पसरून ठेवा. खाडीकाठच्या दमट हवेत गुंडाळून माळ्यावर टाकलीत तर बुरशी धरते.