पहिलं बोट

परवा दुपारी मुलीने निव्हियाची नवी निळी डबी उघडली, चंदेरी कागद सोलला आणि थेट मधोमध बोट खुपसलं. मी ओरडलेच. पहिलं बोट माझं असतं! "आई, क्रीम आहे ते, श्रीखंड नाही," असं म्हणून ती गाल चोळत निघून गेली.

तिला काय सांगणार. अजून डावही न लागलेलं, नुकतंच लागलेलं दही असतं ना, तसा तो गुळगुळीत पांढरा गोल. त्यात पहिला खळगा आपण पाडायचा. बाकी आयुष्यात मी फार हट्ट केलेले नाहीत.

आमच्याकडे ही डबी आतोबांमुळे आली. ते बोटीवर होते. हॅम्बुर्ग लागलं की एक डबी ठरलेली. आजी ती वरच्या फळीवर ठेवायची आणि थंडीत रात्री आम्हा पाचही पोरांच्या गालांवर गंध लावल्यासारखा एकेक ठिपका द्यायची. टाचांना मात्र आमसुलाचं तेलच. विलायती माल पायाला लावायचा म्हणजे काय! पहिल्या बोटावरून भांडणं व्हायला लागली तेव्हा तिने नियम केला, ज्याच्या टाचा जास्त फुटल्या त्याचं पहिलं बोट. त्या वर्षी मी आठ दिवस गच्चीवर अनवाणी हिंडले. भेगा पडल्या, मान मिळाला आणि वर आईचा मारही.

डबी हॅम्बुर्गचीच, हे मला फार उशिरा कळलं. पॉल बायर्सडॉर्फ नावाच्या तिथल्या औषधवाल्याने १८८२ साली मलमपट्टीचं पेटंट घेतलं आणि १८९० मध्ये सगळा धंदा ऑस्कर ट्रोप्लोवित्झला विकून टाकला. हा ट्रोप्लोवित्झ मला आवडतो. एक पट्टी कातडीला नको इतकी चिकटायला लागली, तर याने ती सायकलचे टायर दुरुस्त करायला म्हणून विकली. वाया काही घालवायचं नाही, ही वृत्ती थेट आजीची.

पुढे इझाक लिफ्शुट्झ या रसायनतज्ज्ञाला मेंढीच्या लोकरीतल्या मेणचट अंशापासून असं काही करता आलं, की ज्याने तेल आणि पाणी एकजीव राहतं. त्यातून डिसेंबर १९११ मध्ये हे क्रीम निघालं. नाव लॅटिनमधल्या बर्फावरून. डबी मात्र तेव्हा पिवळी होती, वेलबुट्टीची. निळी झाली ती १९२५ मध्ये. पिवळी निव्हिया! मला तर हळदीकुंकवाच्या डबीचीच आठवण होते.

लोकरीचं वाचलं आणि आजी डोळ्यांपुढे उभी राहिली. ती सोवळ्यात धाबळी नेसायची. लोकरीला विटाळ नाही, हे तिचं शास्त्र. पावसाळ्यात त्या धाबळीला ओलसर, मेंढराचा वास यायचा, आणि तसल्या धाबळीतून ती आम्हाला नैवेद्याचं पान दाखवायला हाक मारायची. क्रीममध्ये मेंढीची चरबी आहे म्हटलं असतं तर डबी अंगणात भिरकावली असती. लोकरीतलाच अंश आहे म्हटलं असतं तर कदाचित फळीवरून देवघरात गेली असती. विचारायचं राहून गेलं.

या डबीचं सगळंच काही पांढरंशुभ्र नाही. १९३३ मध्ये हिटलर आला आणि ही ज्यूंची कंपनी, यांचं क्रीम घेऊ नका, असा प्रचार तिथल्याच स्पर्धकांनी केला. कंपनीचे प्रमुख विली याकोब्सोन ज्यू होते. त्यांना पद सोडून अ‍ॅम्स्टरडॅमला जावं लागलं. महायुद्धानंतर तर कितीतरी देशांत नावच हातचं गेलं. नाव निव्हिया, मालक भलतेच. एकेका देशातून ते परत विकत घेत गेले, शेवटी १९९७ मध्ये पोलंडमधून. आपलंच नाव, आपणच पैसे मोजून.

संध्याकाळी मुलगी डबी घेऊन आली. चमच्याच्या पाठीने खळगा सारवून तिने वर कागद नीट बसवला होता. "घे, घाल तुझं पहिलं बोट."

सारवलेलं कळतं हो. पण मी काही बोलले नाही. आधी टाचा पाहिल्या. चांगल्या फुटल्या होत्या.